पाळणाघरातला भूतकाळ

आमच्या सोसायटीत दोघींना सगळे ‘बाई’ म्हणतात. एक मी, उर्मिला, कारण मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. दुसऱ्या तळमजल्यावरच्या विमलाबाई, कारण आमच्या भागातली, निम्म्या नवघरची पोरं त्यांच्या मांडीवर मोठी झाली. जिन्यात कुणी ‘बाई’ अशी हाक मारली की आम्ही दोघी ओ देतो आणि बहुतेक वेळा हाक त्यांनाच असते. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

विमलाबाई मूळच्या संगमेश्वरकडच्या. लग्न होऊन भाईंदरला आल्या तेव्हा घराच्या मागच्या दारातून मिठागरं दिसायची म्हणे. आता मागच्या दारातून पुढच्या बिल्डिंगची मोरी दिसते. पण त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. तक्रार हा त्यांचा स्वभावच नाही, ते खातं माझ्याकडे आहे. त्यांचे यजमान बबनराव स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. सगळी नोकरी त्या मशीनच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांना आता फारच कमी ऐकू येतं. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला असा नवरा मिळणं ही पूर्वपुण्याईच म्हणायची. तिकडे तीन पोरं एका सुरात भोकाड पसरून बसलेली असतात आणि बबनराव शांतपणे शेंगा सोलत असतात.

पाळणाघर म्हणजे त्यांचं वन रूम किचनच. छताच्या कड्याला जुन्या साडीची झोळी, भिंतीला लावलेल्या गाद्या आणि दिवसभर घरात मऊ भाताचा आणि तुपाचा वास. बाहेर पाटी नाही. मी एकदा विचारलं, “अहो, पाटी का नाही लावत?” तर म्हणाल्या, “पाटी लावली की लोक बघतात. बघितलं की नजर लागते. ज्याला पायजे त्याला रस्ता ठाऊक हाय.” आणि खरोखरच ज्याला पाहिजे त्याला तो ठाऊक होता. तिथे वाढलेल्या मुली पुढे आपली मुलं घेऊन तिथेच आल्या. मूल दारात घेऊन आईने फक्त उभं राहायचं, विमलाबाईंनी हात पुढे करायचे. संध्याकाळी तसंच उलट. आई मुलाचा चेहरा बघायची, तो हसरा दिसला की निघून जायची. कुणी कधी दिवसाचा जाब विचारला नाही.

मग समोरच्या नव्या टॉवरखाली एक डे-केअर उघडलं. ‘लिटल फेदर्स’. काचेचं दार, एसी, जमिनीवर रंगीत मऊ चौकोन. आणि रोज संध्याकाळी आईच्या मोबाईलवर इंग्रजी मेसेज येणार, मुलाच्या फोटोसकट. एकेक मूल तिकडे जायला लागलं. छोट्या सान्वीची आई तर जाताना विमलाबाईंना तो मेसेजच दाखवून गेली. म्हणाली, “बघा ना विमलाबाई, किती छान सांगतात. काय खाल्लं, किती झोपली, काय खेळली. ऑफिसमध्ये बसल्या बसल्या कळतं.” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणून तर जास्त लागलं.

उरले कोण? शाळा सुटल्यावर दोन तास येणारी दोन मुलं, आणि पूर्ण दिवसाचा एकटा अनिश. वर्षाचा होऊन गेलेला, गोरा, गोल आणि स्वतःच्या मताचा. त्याची आई इशिता गुजराती, आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते, गोरेगावला कुठल्याशा मोठ्या कंपनीत जाते. विमलाबाईंचा हिशेब साधा होता. अनिश गेला तर झोळी काढायची आणि पाळणाघर बंद. “झोळी हललीच नाही तर पाळणाघर कसलं ओ? मग ती दोन पोरं काय, ती माझ्याकडे टीव्ही बघायला येतात.” त्यांचा मुलगा सुभाष गावाकडे असतो. तो बरेच दिवस म्हणतोय, आता पुरे झालं, इकडे या, आराम करा. आराम हा शब्द उच्चारताना विमलाबाईंचा चेहरा कारल्याची भाजी खाल्ल्यासारखा व्हायचा.

तर एक दिवस दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. हातात वाटीभर नाचणीचं सत्त्व. कुणाकडे काही मागायला जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्यांची रीत.

“बाई, मला त्या समोरच्यांच्यासारखं इंग्रजी शिकवा.”

मी म्हटलं, “शिकवते की. पहिल्यापासून सुरू करू. मी जाते, मी खाते, तो झोपतो...”

“ते नको. झालेलं सांगायचं तेवडंच शिकवा. गेला, जेवला, झोपला, पडला.”

“एकदम भूतकाळ? अहो, आधी वर्तमानकाळ यायला नको?”

“वर्तमानात त्या पोरांची आई असते कुठे इथे?” विमलाबाई म्हणाल्या. “ती येते तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं.”

इतकी वर्षं मी काळ शिकवले, पण भूतकाळाची गरज कुणी इतक्या थोडक्यात सांगितलेली मला आठवत नाही. मी सत्त्वाची वाटी ठेवून घेतली.

शिकवणी त्यांच्याच घरी, अनिश दुपारी झोपला की. झोळीच्या दोरीला त्यांचा हात आणि वहीवर माझा. आवाज चढवायचा नाही, ही एकच अट. मी आयुष्यात वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं शिकवलेलं, इथे कुजबुजून शिकवायचं होतं. पहिल्या दिवशी मी माझा नेहमीचा क्रम घेतला. वॉक-वॉक्ड, टॉक-टॉक्ड, वॉश-वॉश्ड. मागे ‘ईडी’ लावलं की काम झालं. विमलाबाईंनी मान डोलावली. “हे लाळेरं झालं. मूल कुठलं का असेना, गळ्यात बांधायचं.”

मला ते आवडलं. पण पुढच्याच दिवशी पंचाईत झाली. त्यांना जी क्रियापदं पाहिजे होती त्यांतलं जवळजवळ एकही लाळेरं बांधून घ्यायला तयार नव्हतं. खाणे, पिणे, झोपणे, उठणे, पडणे, बसणे, पळणे, चावणे, फेकणे, फाडणे, फोडणे. लहान मूल दिवसभरात जे जे करतं ते इंग्रजीत एकूण एक नाठाळ निघालं. ईटचं एट, ड्रिंकचं ड्रँक, स्लीपचं स्लेप्ट, फॉलचं फेल, टेअरचं टोअर. शहाण्यासारखी वागणारी क्रियापदं फक्त रडणे, हसणे आणि खेळणे. मी इतकी वर्षं नियम आधी आणि अपवाद नंतर शिकवत आले आणि इथे अपवादांनीच घर भरलेलं. मला घाम फुटला.

विमलाबाईंना काही फुटलं नाही. “असंच असतं बाई. रोज घरात असणारी पोरंच जास्त लाडावलेली. पाहुणी येतात ती नियमाने वागतात.” आणि त्यांनी क्रियापदांची आपल्या पद्धतीने वाटणी केली. लाळेरंवाली, लाळेरं फाडणारी, आणि तिसरी कट, पुट, हिटसारखी, ‘काही केलंत तरी तशीच बसून राहणारी’. तिसऱ्या जातीवर त्यांचा विशेष जीव होता. त्यांच्याकडे पूर्वी एक महिपत नावाचा मुलगा होता म्हणे, त्याला सकाळी जिथे बसवावं तिथेच तो संध्याकाळी सापडायचा.

आणखी एका गोष्टीचा त्यांना फार आनंद झाला. “म्हणजे मुलगा जेवला आणि मुलगी जेवली, दोघांना एकच?”

“एकच. ही एट, शी एट.”

“हे बरं हाय. जेवणात भेद कशाला?”

मग दिवसभर त्यांचा सराव चालायचा. अनिशने पेला उपडा केला की “ही स्पिल्ड”, तो बदकन बसला की “ही सॅट”, बबनरावांचा चष्मा ओढला की “ही ब्रोक”, आणि चष्मा खरोखर मोडलेला नसेल तर “नाय नाय, नॉट ब्रोक”. बबनरावांना ओठ हललेले तेवढे दिसायचे. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, “ही कसला जप करते? काय नवस बोललीय का?” मी ओरडून सांगितलं, “इंग्रजी!” ते म्हणाले, “असेल, असेल. देव आहे पाठीशी.”

तयारी झाली. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. माझी विद्यार्थिनी पहिल्यांदा बोलणार होती आणि मला स्पर्धेला मुलगी पाठवल्यासारखी धडधड होत होती. इशिता आली, खांद्याला पिशवी, कपाळाला घाम. विमलाबाईंनी पदर सारखा केला, अनिशला कडेवर घेतलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “टुडे अनिश एट लिटल. ही स्लेप्ट लिटल. ही क्राइड.”

एकही चूक नाही. तीन वाक्यं, तीन क्रियापदं, दोन नाठाळ आणि एक ‘वाय’ कापून ‘आयईडी’ लावायचं अवघड. इशिताचे डोळे विस्फारले. “आंटी! आपने इंग्लिश कब सीखा?” विमलाबाईंनी डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खूण केली. मी आत उभी राहून ओल्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. मी क्रियापदं ऐकत होते. मास्तरणीचा कान असा एकांगी असतो, वाक्य बरोबर आहे का तेवढं बघतो, खरं आहे का ते बघत नाही.

मग रोज संध्याकाळी बातमीपत्र सुरू झालं. टुडे ही एट लिटल. टुडे ही एट व्हेरी लिटल. ही ड्रँक लिटल मिल्क. ही स्लेप्ट लिटल, देन ही वोक. मी पुढच्या खोलीतून वर माझ्या घरी जायची ती खुशीतच. इशिता आधी हसत ऐकायची, मग नुसती ऐकायची, मग अनिशच्या पोटावर हात फिरवत ऐकायला लागली. ते मी पाहिलं होतं. पण आई मुलाच्या पोटावर हात फिरवतेच, त्यात काय बघायचं?

आणि एका शुक्रवारी इशिताने सांगितलं की पुढच्या महिन्यापासून अनिश ‘लिटल फेदर्स’ला जाईल. फार नम्रपणे सांगितलं. टॉवर स्टेशनच्या वाटेवरच आहे, सकाळची घाई वाचेल, असं काहीतरी. विमलाबाई “हां, हां, ठीक है” म्हणाल्या, अनिशला तिच्या कडेवर दिलं, आणि दार लावल्यावर झोळीखाली पाय पसरून बसल्या. मी समोरच होते.

“माझं इंग्रजी कच्चं पडलं, बाई.”

“मुळीच नाही!” मी ताडकन म्हटलं. “तुमचा भूतकाळ समोरच्या काचवाल्यांपेक्षा चांगला आहे. मी त्यांचा मेसेज वाचलाय. ‘ही स्लेप्टेड’ लिहितात मेले.”

त्या हसल्या नाहीत. वर कड्याकडे बघत राहिल्या. “हे कडं बबनरावांनी लावलं होतं. काढायचं म्हटलं तर सगळं प्लास्टर येईल.” एवढंच म्हणाल्या आणि उठून अनिशची वाटी घासायला गेल्या. मला इतका राग आला होता की काय सांगू. कुणाचा, ते मात्र कळत नव्हतं.

रविवारी नवघर रोडला भाजी घेताना इशिता भेटली. मी ठरवलं होतं काही बोलायचं नाही. माझं असं ठरवणं सहसा टिकत नाही. मी मेथीची जुडी हातात धरूनच विचारलं, “क्यूँ ले जा रही हो उसको वहाँ से? क्या कमी है?”

इशिताने इकडेतिकडे पाहिलं. मग तिचे डोळे एकदम भरून आले. “आंटी, वो वहाँ खाता ही नहीं है. रोज सुनती हूँ, एट लिटल, स्लेप्ट लिटल. विमलाआंटी अच्छी हैं, झूठ नहीं बोलतीं, इसलिए तो और टेन्शन होता है. मैं ऑफिस में डिब्बा खोलती हूँ, और लगता है, अनिश ने तो कुछ खाया नहीं होगा. फिर बंद कर देती हूँ. आजकल डिब्बा वैसा का वैसा घर आता है.”

 मी रोज दुपारी तिथे असते. तो मुलगा वाटीभर मऊ भात, वर वरण, वर तूप असं चाटूनपुसून खातो, वाटी डोक्यावर पालथी घालून आणखी मागतो, आणि मग दोन-दोन तास असा झोपतो की माझी शिकवणी संपली तरी उठत नाही. घरी गेल्यावर त्याला भूक नसते, म्हणून तो संध्याकाळी आईकडे खात नाही. आणि आईला वाटतं, लेकरू दिवसभर उपाशी, आता खायचीही ताकद उरली नाही.

मेथी तिथेच टाकून मी निघाले. भाजीवाला मागून “ओ आंटी, मेथी!” म्हणून ओरडत राहिला.

विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. मी चपला न काढताच विचारलं, “अनिश कमी जेवतो, असं रोज का सांगता तुम्ही?”

त्यांनी वर पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. “मग काय सांगू? वाटीभर जेवला, वर आणखी मागून घेतलं, असं? दारात उभी राहून? बाई, तुम्ही शिकलेल्या हाय. दृष्ट लागली म्हणजे पोराला?”

 माझी आईसुद्धा हेच करायची. गिरगावात आमच्या चाळीत कुणी म्हणालं, “काय हो, मुलगी बाळसं धरतेय”, की आई लगेच म्हणायची, “कसलं बाळसं, काही खात नाही मेली.” आणि मी मागे पोळीला गूळ लावून खात उभी असायची. हे सगळं मला माहीत होतं. पण इंग्रजीत कुणी दृष्टीला घाबरत असेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

विमलाबाई सांगत होत्या. आजवरच्या सगळ्या आयांना त्या असंच सांगत आल्या. कोणी विचारलंच तर “आज जरा कमीच खाल्लंन”. आई समजून जायची. “घरीपण काय खात नाय” असं म्हणून तीही आपल्याकडून एक टाका घालायची आणि दोघी खुशीत. एकदाच त्यांची जीभ घसरली होती. मंदा म्हणून एक मुलगी होती, तिच्या आईला त्या म्हणाल्या, “काय गुटगुटीत झालीय तुमची मंदा!” दुसऱ्या दिवशी मंदाला गोवर. “ती बरी झाली ओ. आता तिला दोन पोरं हायत. पण मी तेव्हापासून शपथ घेतली. पोरांचं चांगलं तोंडाने बोलायचं नाय. ते डोळ्यांनी बघायचं आणि गप बसायचं.”

“अहो, गोवर साथीचा असतो!”

“साथ सगळ्यांना असते. आदल्या दिवशी बोलले मी मंदाबद्दलच.”

 मी व्याकरणाशी भांडू शकते, याच्याशी नाही. मी त्यांच्या समोर बसले आणि इशिताने सांगितलं ते सगळं सांगितलं. तिला वाटतं, पोर उपाशी राहतं. ती म्हणून त्याला नेतेय. तुमच्या इंग्रजीला तिने नावं ठेवली नाहीत, उलट तुमचा शब्दन् शब्द खरा मानला.

त्या ऐकत होत्या, पण हात तांदळातच होते. काही फरक पडलेला दिसेना. “तिला तुम्ही सांगा समजावून,” म्हणाल्या. “मी माझ्या तोंडाने नाय बोलायची. गेलं पोर तर गेलं. सुखी राहू दे.”

तेव्हा मी म्हटलं, “ती ऑफिसात जेवत नाही, विमलाबाई. तुम्ही रोज ‘लिटल’ सांगता, ते ती दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर आठवते. आणि डबा तसाच बंद करते.”

हात थांबला.

“इशिता जेवत नाय?”

“नाही.”

“दिवसभर?”

“डबा जसाच्या तसा घरी येतो, म्हणाली.”

विमलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.  मग स्वतःशीच म्हणाल्या, “पोराला दृष्ट लागू नये म्हणून मी आईला उपाशी ठेवली.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मलाही राहवेना. बबनराव आतून आले, आम्हा दोघींकडे बघून म्हणाले, “इंग्रजी फार अवघड असतं, सोडून द्या.”

सोमवारी संध्याकाळी मी मुद्दाम गेले. विमलाबाईंनी चांगली साडी नेसली होती. दुपारी शिकवणी नको म्हणाल्या, ओठ मात्र सारखे हलत होते. इशिता दारात आली. अनिश बबनरावांच्या मांडीवर बसून त्यांच्या शर्टाचं बटण चोखत होता. विमलाबाई उंबऱ्यापाशी गेल्या, आधी वर देवाच्या फोटोकडे पाहिलं, आणि खोल पाण्यात उडी मारावी तसं बोलायला लागल्या.

“इशिता, लिसन. टुडे अनिश एट. फुल वाटी ही एट. राइस, दाल, घी. ही शोड मी एम्प्टी वाटी. आय गेव्ह मोअर. ही एट दॅट ऑल्सो. ही ड्रँक वॉटर. ही स्लेप्ट, बिग स्लेप्ट, टू अवर. ही वोक, ही लाफ्ड. ही थ्रोड बॉल. काकांचा चष्मा, ही ब्रोक. रिअल ब्रोक.” मग श्वास घेऊन, “यस्टरडे नाय, यस्टरडे संडे. बिफोर ऑल डेज, ही एट. एव्हरी डे ही एट. आय टोल्ड लिटल. आय टोल्ड राँग.”

‘थ्रोड’ला माझी जीभ वळवळली होती. ‘थ्रू’ हवं होतं. पण मी ती दातांखाली धरून ठेवली. माझ्या आयुष्यात भूतकाळाची इतकी सुंदर उत्तरपत्रिका दुसरी आली नाही आणि तिच्यावर लाल खूण करायला मी काही वेडी नाही.

इशिता उभीच होती. “सब खाया? रोज?”

“सब,” विमलाबाई म्हणाल्या. “रोज.”

त्या संध्याकाळी ‘क्राइड’ हे क्रियापद फक्त इशिताच्या वाट्याला आलं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि रडता रडता विचारायला लागली. भात किती, वरण कुठलं, हसला तेव्हा कशाला हसला, झोपेत कूस बदलली का. विमलाबाई एकेक सांगत होत्या. इंग्रजी संपलं की हिंदी, हिंदी संपली की मराठी. तिच्याविना गेलेला तो सबंध दिवस त्यांनी तिच्या ओंजळीत परत घातला. मला तेव्हा वाटलं, नोकरी करणाऱ्या आईला मुलाचं दुसरं काही मिळत नाही, एवढा भूतकाळच मिळतो. तो तरी पोटभर मिळावा.

पण विमलाबाईंना तेवढं बोलून उसंत कुठली! वळून त्या ओरडल्या, “अहो, मीठ-मोहरी!” बबनरावांना ऐकू आलं नसणारच. तरी ते मीठ, मोहरी आणि लाल मिरच्यांची ताटली घेऊन मागे तयार उभे होते. दुपारीच सांगून ठेवलेलं. विमलाबाईंनी आधी अनिशवरून ओवाळलं, “आल्यागेल्याची, घरच्यादारची, माझी मेलीची पण” असं पुटपुटत. मग इशितावरून. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “या बाई, तुम्ही पण बसा. शिकवलंत ना.” मी अशा गोष्टी मानत नाही. मी निमूट बसले.

मिरच्या तव्यावर पडल्या आणि आम्हाला सगळ्यांना ठसका लागला. इशिता खोकता खोकता हसायला लागली. “मेरी बा भी यही करती है, सेम टु सेम!” बा म्हणजे तिची आई. मग मी तिला ‘लिटल’चा सगळा अर्थ समजावला. ती आधी तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “तो बा फोन पे हमेशा बोलती है, अनिश बहोत दुबला लग रहा है, वो भी... ओह गॉड.”

अनिश काही ‘लिटल फेदर्स’ला गेला नाही. कडं जागेवर आहे, झोळी हलतेय. इशिताच्या ओळखीची एक जण परवा चौकशी करून गेली, तिला जुळे आहेत. याबद्दल कुठे बोलायचं नाही असं विमलाबाईंनी मला बजावलंय, तेव्हा तुम्हीही बोलू नका. आमची शिकवणी चालूच आहे. हल्ली त्या भविष्यकाळाबद्दल विचारतात, पण मी म्हटलं, त्याला वेळ आहे. संध्याकाळचं बातमीपत्र आता खरं असतं, फक्त ते सुरू करण्याआधी अनिशच्या गालावर काजळाची एक मोठी तीट लागते. हा तह दोघींनी आपापसात केलाय. मला कुणी विचारलं नाही.

बातमीपत्राला आता शेवटी एक प्रश्नही जोडलाय. तो मी शिकवलेला नाही. काल मी तिथेच होते. इशिता आली, अनिशचा सगळा दिवस ऐकून झाला, आणि तिने त्याला कडेवर घेतलं तेव्हा विमलाबाईंनी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, “अँड यू? यू एट?”

इशिताने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. आत रिकाम्या डब्यात चमचा चांगला खडखडला. ते आम्ही तिघींनी ऐकलं.

“लिटल,” इशिता गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

विमलाबाईंनी दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.